चाळीतल्या दोन खोल्यांत बालवाडी कशी बसवावी?

दादरला चाळीच्या तळमजल्यावर साडेपाचशे चौरस फुटांच्या दोन खोल्या मिळाल्यात, मैदान नाही, तरी 'काहीतरी हटके' बालवाडी करायची आहे, तर सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. मी गिरगावात अकरा वर्षं साधारण एवढ्याच जागेत बालवाडी चालवली, त्यावरून सांगते.

आधी मोरी वाचवा. इंटिरियरवाला पहिल्याच भेटीत ती फोडून तिथे कपाट करू म्हणेल. आमचाही म्हणाला होता. खाली बसून हात पोचेल असा नळ, पाणी वाहून जायची सोय, भिजली तरी चालेल अशी जमीन: तीन वर्षांच्या मुलाला आणखी काय हवं? दोन टमरेलं, एक गाळणी आणि एक नरसाळं ठेवलं होतं. त्यापुढे महागडी खेळणी तशीच पडून राहिली. फक्त मोरीच्या कठड्याची धार घासून गोल करून घ्या आणि फरशी खरबरीत घाला. आमच्या गुळगुळीत टाइल्सवर मुलं नाही, मावशी घसरल्या.

नंतर जमीन रिकामी करा. आम्ही हौसेनं रंगीत टेबलं-खुर्च्या घेतल्या आणि वर्षभरात विकून टाकल्या. वीस मुलं आणि वीस खुर्च्या झाल्यावर फुगडी कुठे घालायची? सतरंज्या पुरतात. चित्रं काढायला भिंतीला बिजागरीवर फळ्या लावा, काम झालं की वर दुमडायच्या. सामान पोटमाळ्यावर जाऊ दे, मुलं मात्र कधीच नकोत. मुलांना रोज लागणारं तेवढंच त्यांच्या छातीच्या उंचीच्या उघड्या फळीवर ठेवा. तीन वर्षांचं मूल जेमतेम तीन फूट असतं. एकदा गुडघ्यांवर बसून खोलीभर फिरून बघा, भिंतीवरची निम्मी सजावट आपल्यासाठीच असते हे कळेल.

जागा लहान म्हणून खट्टू होऊ नका. मारिया मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत, भाडेकरूंच्या इमारतीतच उघडलं. आईबाप कामावर गेले की पोरं जिने-भिंती खराब करायची, म्हणून इमारतवाल्या कंपनीनंच पुढाकार घेतला होता!

टोकियोजवळच्या ताचिकावातल्या फुजी बालवाडीचे फोटो तुम्हाला कुणीतरी दाखवेलच. अंडाकृती छपरावर धावणारी मुलं, छपरातून वर आलेली झाडं. २००७ ची ती इमारत मलाही फार आवडते. पण तिथे वर्गांमध्ये भिंती नाहीत म्हणून तुम्ही मधली भिंत पाडायला जाऊ नका. त्यांची सरकती दारं बहुतेक काळ अंगणाकडे उघडी असतात, आवाज निघून जातो. आपल्याकडे फरशी आणि उंच छत, वीस मुलं एकदम बोलली की खोली घुमते. आम्ही आढ्याखाली जुन्या लुगड्यांच्या गोधड्या सैल टांगल्या, पंख्यापासून लांब. त्यानं घुमणं बरंच कमी झालं. दुसरी खोली शांत मुलांसाठी राहू द्या, तशी दोन-चार असतातच.

मैदानाचं म्हणाल तर चौक आहे ना? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डीत बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हे नाव त्यातूनच आलं. चाळीचं अंगण म्हणजे चौक. सकाळी पाणी भरून झालं आणि माणसं कामावर गेली की तो दहा ते साडेअकरा रिकामा असतो. तेवढा दीड तास चाळ कमिटीकडून लेखी मागून घ्या. तोंडी होकार पहिल्या भांडणात विरतो, आमचा गणपतीच्या मंडपावरून विरला.

खर्च करायचाच तर संडासावर करा. छोटं भांडं, अर्धं दार, आतून कडी नाही. आणि गॅलरीच्या कठड्याला उभेच गज लावा, आडव्यांवर मुलं चढतात. दोन गजांत चार इंचांहून कमी फट ठेवा.