गरोदरपणात मिश्री सुटत नाही. एकदम सोडली तर बाळाला बाधतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाचवा महिना चालू आहे, दिवसातून चार-पाच वेळा मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची दाताला लावायची पूड, लागते, दिवस गेल्यापासून ती उलट वाढलीच. दोनदा सोडून पाहिली तर पोट साफ होईना, डोकं ठणकायला लागलं. आणि सासूबाई म्हणतात, लागलेली सवय एकदम तोडली तर पोटातल्या बाळाला बाधतं.

शेवटच्या मुद्द्याचं उत्तर आधी देते, कारण त्याच भीतीत मी स्वतः दोन महिने घालवलेत. नाही, बाधत नाही. दारूचं जबर व्यसन किंवा अफू-गर्दसारखं काही असेल तर डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये, ते वेगळं. तंबाखूचं तसं नाही. सोडल्यावर चिडचिड, डोकेदुखी, पोटाची तक्रार होते ती आपल्याला. बाळाची त्या दिवसापासून सुटका होते.

आता माझं सांगते.

मी पाटण तालुक्यातली. आमच्याकडे मिश्रीला कुणी व्यसन म्हणतच नव्हतं, ते दात घासणं होतं. आजी परड्यात चूल पेटवून त्यावर जुना, भाकरीतून बाद झालेला तवा ठेवायची, तंबाखूचा पाला टाकायची आणि काळाकुट्ट होईपर्यंत हलवत बसायची. त्या ठसक्याने गोठ्यातली म्हैससुद्धा फुरफुरायची. मग कुटून, फडक्यातून चाळून डबीत भरायची. मी बारा वर्षांची असताना दाढ दुखते म्हणून तिने माझ्या बोटावर चिमूटभर ठेवली. पहिल्या दिवशी गरगरलं, ओकले. आठवड्याने दाढ थांबली होती की नाही ते आठवत नाही, पण डबी मीच मागायला लागले होते.

लग्न होऊन कोपरखैरण्याला आले. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी, चाळीत निम्म्या बायका आमच्याच भागातल्या. दुपारची भांडी झाली की जिन्यात बसायचं आणि डबी फिरवायची. सासरचं गाऱ्हाणं, माहेरची खबर, सगळं त्या अर्ध्या तासात. सोडताना मिश्रीपेक्षा तो अर्धा तास सोडणं जड गेलं, हे आधीच सांगून ठेवते.

२००९ साली पहिल्यांदा दिवस गेले. मळमळ इतकी की पाणी ठरेना. मिश्री लावली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, म्हणून दोनाची चार वेळा झाली, चाराची सहा. दवाखान्यात दर वेळी विचारायचे, तंबाखू खाता का, विडी-सिगारेट? मी नाही म्हणायचे. आणि मी खोटं बोलतेय असं मला वाटायचंही नाही. तंबाखू खातात, विडी ओढतात, मिश्री आपण 'लावतो'. त्या एका शब्दाच्या आडोशाला मी नऊ महिने बसले. नऊ कुठले, आठच. मुलगा पस्तिसाव्या आठवड्यात झाला, दोन किलो शंभर ग्रॅम, आणि नऊ दिवस काचेच्या पेटीत.

हे मिश्रीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. माझं हिमोग्लोबिनही साडेआठ होतं. एका बाळावरून कुणालाच सांगता येत नाही. पण बाराशे बायांवरून सांगता येतं. मुंबईतच १,२१७ गरोदर बायकांचा बाळंतपणापर्यंत मागोवा घेऊन प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने अभ्यास केला, तो २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्यात तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मिश्रीवाल्याच होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि साधारण सहा दिवस आधी जन्मली. १०५ ग्रॅम म्हणजे दोन अंडी, त्यात काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. पण ती सरासरी झाली. ३२ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचा धोका या बायकांत जवळजवळ पाचपट होता. इतक्या आधी आलेलं बाळ म्हणजे काय, ते पेटीच्या काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या आयांना विचारा. गुप्तांनी पुढे आणखी एक अभ्यास केला, त्याचा आकडा इथे लिहीत नाही. तुम्ही पाचव्या महिन्यात आहात, घाबरून काही सुटत नाही.

मिश्रीत धूर नाही, म्हणून सिगारेटपेक्षा साधी, असं आपल्याला वाटतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड यात नसतो हे खरं. पण निकोटीन हिरडीतून सरळ रक्तात उतरतं, वारेतून बाळाकडे जातं आणि रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे बाळाचा शिधाच कमी होतो. वर तव्यावर जाळल्याने त्यात कॅन्सरला कारण होणारे पदार्थ आणखी वाढतात. दवाखान्यातल्या भिंतीवरच्या चित्रात सिगारेट ओढणारी बाई असते, म्हणून ते चित्र आपलं वाटत नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या बिनधुराची. त्या चित्रात खरं तर डबी हवी.

तुमची मिश्री दिवस गेल्यावर वाढली, त्याला कारण आहे. गरोदरपणात शरीर निकोटीन एरवीपेक्षा लवकर निपटून टाकतं. त्यामुळे तलफ लवकर परत येते. तुमचं मन कमकुवत झालंय असं समजू नका. मला हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर निम्मी लाज कमी झाली असती.

२०१३ मध्ये पुन्हा दिवस गेले. रक्त तपासायला हात पुढे केला. रक्त घेणाऱ्या मुलीने माझं एक बोट चिमटीत धरलं, पण बघत होती तर्जनीकडे. नखाच्या कडेला काळी रेघ, घासून न जाणारी. "ताई, मिश्री किती वेळा?" 'लावता का' असं नाही, 'किती वेळा'. मी सहा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी खरा आकडा सांगितला. ती रागावली नाही, कार्डावर लिहिलं आणि म्हणाली, पुढच्या वेळी परत विचारीन. बस्स, एवढंच. पण महिन्याने ती विचारणार आहे, हे डोक्यात बसलं.

मी आधी मधल्या वेळच्या चार सोडल्या. तलफ आली की वाटतं आता ही उतरणारच नाही, पण पाच-दहा मिनिटांत ओसरते. मी नळाखाली फडकं धुवायला घ्यायचे, त्या पंधरवड्यात आमच्या घरची फडकी झिजली. तोंडाला भाजलेली बडीशेप. बोटाला सवय असते म्हणून राखुंडी आणली, तर काळी पूड आणि बोट एकत्र आलं की जीव पुन्हा डबीकडेच धावायचा. शेवटी मुलाच्या ब्रशसारखा मऊ ब्रश घेतला आणि बोट तोंडात घालणंच बंद केलं. हिरड्यांतून रक्त आलं, ते गरोदरपणात अनेकींना येतं. दात दुखत असेल तर दातांच्या डॉक्टरकडे जा, गरोदरपणातही उपचार होतात.

सकाळची मिश्री मात्र आठ दिवस सुटली नाही, आणि कारण तुमचंच. तिच्याशिवाय शौचाला होईना. यावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून मी बोलते. निकोटीन आतड्याला ढकलतं, वर्षानुवर्षं ढकलत आलेलं असतं. ते काढून घेतलं की आतडं काही दिवस रुसून बसतं. त्यात गरोदरपणात आतडं मुळातच मंदावतं, आणि लोहाच्या गोळ्यांनी आणखी आवळतं. म्हणजे तिन्हीकडून कोंडी, आणि आपण दोष देतो फक्त मिश्री सोडण्याला. लोहाची गोळी बंद करू नका, बायका नेमकी तीच बंद करतात. मी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी प्यायचे, रात्री भिजवलेले अंजीर आणि मनुका, जेवणात भाकरी आणि पालेभाजी, संध्याकाळी अर्धा तास चालणं. डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल घेतला. एरंडेल कुणी कितीही आग्रहाने दिलं तरी घेऊ नका, त्याने कळा सुरू होऊ शकतात. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी झाली, आणि मला इतका आनंद झाला की जिन्यातल्या सगळ्या बायकांना कळलं.

डोकेदुखी, चिडचिड पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. मग उतरत जाते, दोन-चार आठवड्यांत माणूस माणसात येतो.

अकराव्या दिवशी आई गावाहून आली. पिशवीत आंबेमोहर, नाचणी, कुळीथ, आणि माझ्यासाठी प्रेमाने भाजून आणलेली ताजी मिश्री. पुडी सोडताच वास आला आणि मी लावली. लावून मग रडत बसले. आई म्हणाली, "अगं, येवढ्याशा मिश्रीनं काय हुतंय? आम्ही पाच लेकरं काढली की." माझ्या तोंडून निघून गेलं, "पाच जगली आई. झाली किती?"

आई काही बोलली नाही. सात झाली होती. त्या दोघांबद्दल आमच्या घरात कधी बोलणं होत नाही. ती का गेली कोण जाणे, त्या काळी आमच्या वाडीत डॉक्टर होता कुठे. तो प्रश्न मी विचारायला नको होता, अजून टोचतो. थोड्या वेळाने आईने पुडी उचलली आणि आपल्या पिशवीत ठेवली. राहिली ते पंधरा दिवस तिने माझ्यासमोर मिश्री लावली नाही. गच्चीवर जाऊन लावायची.

म्हणून तुमच्या सासूबाईंशी भांडू नका. त्या तुमच्या आणि बाळाच्या काळजीनेच बोलताहेत, फक्त त्यांना जे सांगितलं गेलं ते चुकीचं होतं. पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर न्या आणि हाच प्रश्न डॉक्टरांना त्यांच्या देखत विचारा. आपल्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते लवकर पटतं.

एक दिवस घसरलात तर सगळं गेलं असं समजून डबी परत उघडी ठेवू नका. माझा अकरावा दिवस गेला, बारावा पुन्हा नीट गेला.

बाकी झरझर सांगते. मिश्रीच्या जागी तपकीर, गुटखा किंवा नुसती सुपारी धरू नका. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर १९९२ पासून देशात बंदी आहे, तरी लावल्यावर तरतरी येणारं, गरगरवणारं लाल-काळं मंजन कुणी दिलं तर संशय घ्या. मेडिकलमध्ये निकोटीनचं च्युइंगम मिळतं, ते गरोदरपणात स्वतःच्या मनाने घेऊ नका, डॉक्टर ठरवतील. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. नवरा तंबाखू मळत असेल तर त्याचा बटवा घरात नको, तलफ आल्यावर आपला हात कुठेही जातो. आणि तो विडी-सिगारेट ओढत असेल तर घरात ओढू देऊ नका, तो धूर बाळापर्यंत पोचतोच.

पाचव्या महिन्यात सोडून काय उपयोग, असा विचार मनात आला असेल तर तोही काढा. बाळाचं वजन भरतं ते मुख्यतः इथून पुढे. माझी मुलगी अडतिसाव्या आठवड्यात झाली, दोन किलो सातशे. यावरूनही काही सिद्ध होत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

खरी परीक्षा बाळंतपणानंतर आहे. रात्रीची जागरणं, कंबर मोडलेली, आणि 'आता झालं ना बाळ नीट' म्हणत डबी पुढे करणारी एखादी मावशी. मी पहिल्या वेळी, पेटीतून बाळ घरी आल्यावर, तिसऱ्याच दिवशी मिश्री लावली होती. निकोटीन अंगावरच्या दुधातूनही जातं, हे तेव्हा माहीत नव्हतं. तेवढ्यासाठी आत्ताच एक माणूस ठरवून ठेवा, जो चाळिसाव्या दिवशीही विचारेल, किती वेळा म्हणून.

उद्या तपासणीला गेलात तर 'तंबाखू नाही' म्हणू नका, 'मिश्री' हाच शब्द वापरा आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहायला लावा. आणि पाचव्या दिवशी पोटाचं काय झालं ते इथे कळवा, लाजू नका. मी वाट बघतेय.