उजनीची रेघ का ताणली जाते?

प्रश्न : उजनी धरणाचा पाणीसाठा जूनपासून पेपरात बघून एक्सेलमध्ये भरतोय : तारीख आणि टक्के. आधी आठवड्यातून एकदा भरायचो, पाऊस लागल्यावर रोज. लाइन चार्ट काढला तर पावसाळ्यातली रेघ उगाच लांबलचक दिसते. शिवाय तारखा तळाशी न येता मधेच रेघेवर चढून बसतात. – शेतकरी वाचक, मोहोळ

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत.

रेघ ताणली जाते, कारण एक्सेलला तुमच्या तारखा तारखा वाटतच नाहीत. मोहोळ, माढा, करमाळा ही नावे जशी सारख्या अंतरावर मांडावीत तशा त्याने त्या मांडल्या. सात दिवसांचे अंतर आणि एका दिवसाचे अंतर आडव्या अक्षावर सारखेच. खात्री करायची तर तारखेच्या सेलचे फॉरमॅट ‘जनरल’ करून पाहा. खरी तारीख असेल तर आकडा दिसेल. १ जून २०२५ साठी ४५८०९. (१ जानेवारी १९०० ला १ धरून केलेली ही दिवसमोजणी.) काहीच बदलले नाही, तर तो नुसता मजकूर आहे. १.६.२०२५ असे टिंब देऊन लिहिण्याची आपली सवय इथे बहुतेकदा नडते.

तारखांचा कॉलम निवडा, ‘डेटा’ टॅबमध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’, दोनदा ‘नेक्स्ट’, मग ‘डेट’ समोर दिवस-महिना-वर्ष हा क्रम (डीएमवाय) आणि ‘फिनिश’. आता चार्टच्या आडव्या अक्षावर राइट क्लिक, ‘फॉरमॅट ॲक्सिस’, ‘ॲक्सिस टाइप’मध्ये ‘डेट ॲक्सिस’. बेस युनिट दिवस आणि मेजर युनिट १ महिना ठेवा.

एक छुपा घोळ मात्र तपासाच. संगणकाची तारखेची पद्धत अमेरिकन असेल तर ५/६/२०२५ म्हणजे ५ जून नव्हे, ६ मे होतो, आणि १३/६/२०२५ मजकूर म्हणून पडून राहतो. म्हणजे बारा तारखेपर्यंतच्या नोंदी गुपचूप चुकतात आणि पुढच्या उघड चुकतात. उघड चुकलेल्या दुरुस्त करून माणूस निर्धास्त होतो, खरी गोची तिथेच आहे. आधी विंडोजच्या ‘रीजन’मध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा आणि उलटलेल्या तारखा पुन्हा टाइप करा.

आता चढून बसलेल्या तारखा. पाणी मृतसाठ्यात (उपयुक्त साठ्याच्या खालच्या पाण्यात) गेले की उजनीचे टक्के उणे होतात. आडवा अक्ष शून्यावर असतो आणि तारखा त्याला चिकटून येतात, म्हणून त्या मधे. ‘फॉरमॅट ॲक्सिस’मध्येच ‘लेबल्स’ उघडून ‘लेबल पोझिशन’ला ‘लो’ निवडा. तारखा तळाला जातात, शून्याची रेषा जागेवर राहते.

आणि नोंद राहिली त्या दिवशी शून्य भरू नका. उजनीच्या बाबतीत शून्याला अर्थ आहे : उपयुक्त साठा संपला! सेल रिकामा सोडा.

प्रश्न : पहिल्या कॉलममध्ये वर्ष, दुसऱ्यात चादरींची विक्री. चार्टमध्ये वर्षाचीच एक वेगळी रेघ येते आणि खाली १, २, ३. – चाटी गल्ली

उत्तर : वर्ष हाही आकडाच, म्हणून एक्सेल त्याला विक्रीसारखाच समजतो. ‘वर्ष’ हे शीर्षक पुसून तो एक सेल रिकामा ठेवा आणि चार्ट नव्याने काढा. तयार चार्ट सुधारायचा असेल तर ‘सिलेक्ट डेटा’, डावीकडून ‘वर्ष’ काढून टाका, उजवीकडे ‘हॉरिझाँटल ॲक्सिस लेबल्स’खाली ‘एडिट’ दाबून वर्षांचे सेल निवडा, शीर्षक सोडून.

प्रश्न : डाईंगच्या टाकीचे तापमान चढताना दर ५ मिनिटांनी, नंतर अर्ध्या तासाने लिहितो. लाइन चार्टवर डेट ॲक्सिस दिला तर सगळे बिंदू एकाच उभ्या रेषेत आले. स्कॅटर काढला तर वेळेऐवजी १, २, ३. – टॉवेल कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : डेट ॲक्सिसचे सर्वांत लहान माप एक दिवस, तेव्हा एकाच दिवसाच्या नोंदी एकमेकींवर बसणारच. तुम्हाला सरळ रेषांचा स्कॅटरच हवा. पण त्याच्या वेळेच्या कॉलममध्ये एक जरी सेल मजकूर असला, ‘१०:३० वा.’ असा, तरी एक्सेल सगळ्या वेळा सोडून क्रमांक लावतो. तो सेल शोधा. १०.३० असे टिंबही नको, तो नुसता दशांश होतो, मग १०.५५ आणि ११.०० मधली पाच मिनिटे पंचेचाळीस शतांश होऊन बसतात. वेळ अपूर्णविरामानेच लिहा.

अक्षावर विचित्र वेळा आल्या तर ‘मेजर युनिट’ला अर्ध्या तासासाठी ०.०२०८३३३ भरा. एक्सेलमध्ये पूर्ण दिवस म्हणजे १, त्याचा हा अठ्ठेचाळिसावा भाग. रात्रपाळीत बारा उलटले की रेघ मागे धावते. तिथे त्याच सेलमध्ये आधी तारीख, मग वेळ लिहा.