कार्बन फूटप्रिंट कमी करायचा आहे. पैसे छतावर घालावेत की गाडीत?

सप्रेम नमस्कार,

आपले सविस्तर पत्र वाचले. नाशिकमध्ये सासऱ्यांनी बांधलेल्या बंगल्यात आपण दोघे, अकरावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि सासूबाई असे पाच जण राहता. मुलीने महाविद्यालयातील प्रकल्पासाठी घराचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे घरामुळे वर्षभरात हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड, मोजायला घेतला आणि त्यातून घरात चर्चा सुरू झाली. येत्या महिन्यात ८ लाख रुपयांची मुदत ठेव पूर्ण होते आहे. ती मोडून, सहा वर्षांची पेट्रोल गाडी विकून आणि ७ लाखांचे कर्ज काढून १४ लाखांची इलेक्ट्रिक गाडी घ्यावी, असे आपल्या यजमानांचे मत आहे. छतावर सौर पॅनेल बसवावेत, असे आपल्याला वाटते. सोबत आपण वर्षभराची वीजबिले, पेट्रोलचा अंदाज आणि सौर कंपनीचे दरपत्रक पाठवले, त्यामुळे मोघम बोलण्याची वेळ आली नाही. पर्यावरणासाठी पैसे खर्च करायला एखादे कुटुंब आपणहून तयार होते याचे मला मनापासून कौतुक वाटते, आणि म्हणूनच त्यातला प्रत्येक रुपया नेमक्या जागी लागावा अशी माझी इच्छा आहे.

प्रथम मोजणीकडे वळू. मुलीने वापरलेल्या संकेतस्थळाने उत्पन्नावरून आणि घराच्या आकारावरून जो आकडा काढला, तो बाजूला ठेवावा. निर्णय घेण्यासाठी तो उपयोगाचा नाही. आपल्या हातात त्याहून भक्कम कागद आहेत. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांच्या वापराचा तपशील छापलेला असतो. आपल्या बिलांनुसार हिवाळ्यात २३० युनिट, एप्रिल-मे महिन्यांत ४२० च्या आसपास आणि वर्षाला एकूण ३,६०० युनिट वीज लागते. आपल्याकडील वीज अजूनही मुख्यतः कोळशावर तयार होत असल्याने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे विजेचे वर्षाला सुमारे २,५०० किलो झाले. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आपली गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर धावते आणि लिटरला १५ किलोमीटर देते. तिचे ४०० लिटर, म्हणजे ९२० किलो. यजमान अंबडच्या कारखान्यात ज्या स्कूटरने जातात, तिचे सुमारे साडेतीनशे किलो. गॅसचे १४.२ किलोचे एक सिलिंडर संपते तेव्हा ४२ किलोंच्या आसपास उत्सर्जन होते, त्यामुळे नऊ सिलिंडरांचे पावणेचारशे किलो धरावेत. दिवाळीत चौघांनी विमानाने दिल्लीला जाऊन येण्याचे साधारण आठशे ते नऊशे किलो होतात.

ही बेरीज पाच टनांच्या घरात जाते आणि तिच्यातला निम्मा वाटा एकट्या विजेचा आहे. गाडीचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. अन्न, कपडे, वस्तू यांचे उत्सर्जन यात धरलेले नाही. म्हणून माणशी एक टन हा आकडा देशाच्या सुमारे दोन टनांच्या सरासरीशी ताडून समाधान मानू नये, कारण त्या सरासरीत कारखाने, सिमेंट, मालवाहतूक असे सर्व काही येते. आपल्याला तुलना हवी आहे ती आपल्याच पुढच्या वर्षाशी, आणि त्यासाठी एवढा हिशेब पुरेसा आहे.

आता इलेक्ट्रिक गाडी. जुन्या गाडीचे ३ लाख रुपये येतील असे धरले, तरी ११ लाख रुपये नव्याने गुंतवावे लागतात. ७ लाखांचे कर्ज ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १४,५०० रुपये आणि एकूण व्याज १ लाख ७० हजारांच्या पुढे जाते. इलेक्ट्रिक वाहनाच्या कर्जावरील व्याजाची दीड लाखांपर्यंतची प्राप्तिकर वजावट आपल्या ऐकिवात आहे, परंतु ती केवळ १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांसाठी होती. आज ती धरून चालू नये. दुसऱ्या बाजूला पेट्रोलचे वर्षाला सुमारे ४२,००० रुपये वाचतील, त्यातून चार्जिंगचे आठ-दहा हजार जातील आणि नव्या, महाग गाडीच्या विम्याचा हप्ताही वाढेल. म्हणजे ११ लाख रुपये घालून वर्षाला फार तर ३०,००० रुपयांची बचत. हा परतावा तीन टक्क्यांनाही पोहोचत नाही, आणि गाडीची किंमत दरवर्षी उतरत जाते ती वेगळीच.

पैशांचे सोडा, उद्देश पर्यावरणाचा आहे, असे यजमान म्हणतील. तोही हिशेब करू. ६,००० किलोमीटरसाठी इलेक्ट्रिक गाडीला सुमारे ८४० युनिट लागतील आणि त्यांचे उत्सर्जन ५९० किलोंच्या आसपास होईल. ९२० मधून ते वजा केले की वर्षाला साधारण ३३० किलो वाचतात. नवी गाडी आणि तिची बॅटरी तयार होताना काही टन उत्सर्जन आधीच झालेले असते, त्यामुळे एवढ्या कमी वापरात ते भरून निघायला फार वर्षे लागतात. शिवाय आपण विकलेली पेट्रोल गाडी भंगारात जात नाही. ती दुसऱ्या कोणाच्या दारात उभी राहते आणि कदाचित आपल्यापेक्षा अधिक धावते. छतावर पॅनेल बसवले की गाडी फुकट आणि स्वच्छ चालेल, हा युक्तिवादही मला पटत नाही, कारण पॅनेलमुळे होणारी उत्सर्जनातील घट गाडी असो वा नसो, तेवढीच राहते. तो लाभ पॅनेलच्या खात्यात एकदा धरला की गाडीच्या खात्यात पुन्हा धरता येत नाही. वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर प्रवास असता किंवा जुनी गाडी खरोखरच संपली असती, तर माझे उत्तर वेगळे असते.

छताकडे येण्यापूर्वी पंख्यांचा एक छोटा खर्च सुचवतो, कारण त्याचा क्रम आधी आहे. आपल्या घरात अधिक वेळ चालणारे चार जुने पंखे आहेत. असा पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज घेतो, तर बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा, पंखा २८ ते ३५ वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. दिवसाला दहा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर चार पंख्यांमागे ५४० युनिट आणि पावणेचारशे किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. खर्च सुमारे १२,००० रुपये. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. तीनशे युनिटांपुढचा दर पहिल्या शंभर युनिटांच्या दराच्या दुपटीहून अधिक असतो. वाचलेले युनिट या वरच्या, महागड्या टप्प्यांतून कमी होतात, म्हणून हे पैसे दोन वर्षांत वसूल होतात.

पंखे बदलल्यावर गरज ३,०६० युनिटांवर येईल. आपल्या भागात एक किलोवॉट पॅनेल वर्षाला सुमारे १,३०० ते १,४०० युनिट वीज देतात, त्यामुळे तीन किलोवॉटची यंत्रणा ४,००० युनिट सहज देईल. दरपत्रकाप्रमाणे तिची किंमत १ लाख ९५ हजार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते, आणि निव्वळ खर्च १ लाख १७ हजार राहतो. स्थिर आकार भरावाच लागेल; तो वगळून वर्षाला ३३,००० रुपयांची बचत मी धरतो, म्हणजे साडेतीन वर्षांत मुद्दल परत येते. नेट मीटरिंगचे, म्हणजे महावितरणला दिलेली वीज बिलातून वळती करून घेण्याचे, नियम आणि विजेचे दर वीज नियामक आयोग वेळोवेळी बदलतो, म्हणून मी ही बचत २२,००० वर आणून आणि मध्ये एकदा सौर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) बदलण्याचा खर्च घालूनही गणित तपासले. तरीही परतावा मुदत ठेवीच्या करोत्तर व्याजापेक्षा बराच वर राहतो. बिलात वाचलेल्या पैशांवर प्राप्तिकर लागत नाही, हे विसरू नये. उत्सर्जनात वर्षाला सुमारे २,८०० किलोंची घट होते. वर्षाला एक किलो कमी करण्यासाठी छतावर सुमारे ४२ रुपये लागतात आणि गाडीत ३,३०० रुपये. हा फरक पाहिल्यावर दोन पर्याय बरोबरीचे आहेत असे मला म्हणता येत नाही.

विक्रेत्याने पुढे गाडी येईल म्हणून पाच किलोवॉटचा आग्रह धरला आहे. तो मान्य करू नये. अनुदान तीन किलोवॉटपाशी थांबते, आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेले युनिट घरगुती दराच्या तुलनेत अगदी कमी दराने घेतले जातात. तीन किलोवॉटमध्येही सध्या ९०० युनिटांच्या आसपास शिल्लक राहील, ती भविष्यातील वाहनाला पुरेशी आहे.

पत्रातील एका ओळीने मला थोडी काळजी वाटली. वीजबिल अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे. योजनेचा अर्ज वीजग्राहकाच्या नावाने होतो आणि अनुदान त्याच्याच बँक खात्यात येते, म्हणून अर्जापूर्वी महावितरणकडे नावात बदल करून घ्या. बंगल्याच्या मालमत्ता पत्रकावर वारस म्हणून सासूबाई, यजमान आणि आपले दीर अशी तिघांची नावे आहेत. पंचवीस वर्षे टिकणारी वस्तू सामाईक छतावर बसवायची, तर दिरांची लेखी संमती आणि खर्च-बचत कोणाची याचा साधा लेख आजच करावा. संबंध चांगले असतानाच असे कागद सहज होतात.

सासूबाईंनी वाळवणाची गच्ची जाईल अशी शंका काढली आहे, ती रास्त आहे. सात-आठ फूट उंचीचा सांगाडा घेतला की खाली वावरता येते. मात्र पापड-कुरडयांना ऊन हवे, तेव्हा पॅनेल गच्चीच्या एका बाजूला घेऊन दुसरी मोकळी ठेवावी. वाढीव सांगाड्याचा खर्च दरपत्रकात वेगळा लिहून घ्या. पाण्याच्या टाकीची आणि शेजारच्या इमारतीची सावली डिसेंबरमध्ये कुठवर येते तेही पाहून घ्या, कारण पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली सावलीसुद्धा निर्मिती बरीच घटवते. वीज गेली की ही यंत्रणा सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडते, हेही घरात सर्वांना सांगून ठेवावे. बॅटरीशिवाय ती वीज गेल्यावर चालणाऱ्या घरगुती इन्व्हर्टरची जागा घेत नाही.

यजमानांचा इलेक्ट्रिक वाहनाचा आग्रह पूर्णपणे बाजूला सारू नये. त्यांची स्कूटर अकरा वर्षांची आहे आणि लवकरच बदलावी लागणार आहे. त्या वेळी इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी. रोजचा ठरलेला प्रवास आणि रात्री घरी चार्जिंग, असा वापर तिला अगदी योग्य आहे. दिल्लीचा प्रवास एका बाजूने तरी रेल्वेने झाला, तर तिकिटांचे पैसे आणि उत्सर्जन दोन्ही कमी होतील.

ठेवीच्या ८ लाखांची विभागणी अशी करावी. घरखर्च महिन्याला ५५,००० आहे, म्हणून सहा महिन्यांचे ३ लाख ३० हजार वेगळ्या ठेवीत ठेवून त्यांना हात लावू नये. १२,००० पंख्यांसाठी आणि १ लाख ९५ हजार सौर यंत्रणेसाठी बाजूला काढावेत. अनुदान यंत्रणा सुरू झाल्यानंतर जमा होते, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रक्कम हाताशी हवी. बँका या योजनेसाठी कमी व्याजाने कर्ज देतात, पण ठेवीवर कर भरल्यानंतर उरणारे व्याज त्याहून कमी असल्याने कर्जाची गरज नाही. उरलेले २ लाख ६३ हजार आणि नंतर येणारे ७८ हजार मुलीच्या पदवी प्रवेशासाठी दोन वर्षांच्या ठेवीत गुंतवावेत. त्या रकमेला शेअर बाजाराचा धोका नको, आणि गाडीच्या हप्त्यासाठी तर ती मुळीच वापरू नये.