ऑक्टाव्हियात मोठे कॅम घालण्याआधी त्यांचे अंश कुठे मोजलेत ते विचारा

'ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग) आणि डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) झालंय, टर्बो कंपनीचाच, आता कॅम कोणते घालू?' हे वाचलं आणि आठ वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. गाडी तीच, खाज तीच.

कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. तो व्हॉल्व्ह इंजिनाच्या फिरण्याचे किती अंश उघडा ठेवतो ते ड्युरेशन, किती मिमी उचलतो ती लिफ्ट. याहून खोलात शिरत नाही. मी कुठे माती खाल्ली ते सांगतो.

माझ्यासमोर दोन कॅमची मापांची कार्डं होती. एकावर ड्युरेशन २५२ अंश, दुसऱ्यावर २२८. मला रोज पुण्यात चालवायला सौम्य कॅम हवा होता, म्हणून २२८ वाला घेतला. घरी आल्यावर कार्डावरची बारीक अक्षरं वाचली. २५२ हा आकडा व्हॉल्व्ह जेमतेम हलतो तिथपासून मोजलेला होता आणि २२८ हा १ मिमी लिफ्टला. म्हणजे मी सौम्य समजून घेतलेला कॅमच दोघांतला जास्त जहाल! विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, 'साहेब, आकडा छोटा म्हणजे कॅम छोटा.' उघडलेला माल परत घेणार नाही, हेही त्यानंच सांगितलं. गपगुमान बसवला.

खंबाटकीत तिसऱ्या गिअरला २,५०० आरपीएमवर पाय दाबला तर गाडी नुसती विचार करत होती. आधी तिथं बूस्ट (टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब) तयार असायचा, आता ३,२०० च्या पुढे. बरं, वर तरी काही मिळावं? डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, चार-पाच बीएचपी, तेवढा फरक त्या मशीनवर दोन रनमध्येही पडतो.

कारण साधं आहे. कंपनीच्या टर्बोसारखं टर्बाइन (एक्झॉस्टनं फिरणारं चाक) छोटं असलं की वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब इनटेकमधल्या बूस्टपेक्षा जास्त होतो. अशा वेळी ओव्हरलॅप वाढवला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवले, की जळका वायू उलटा सिलिंडरमध्ये आणि इनटेककडे घुसतो. नॅचरली अॅस्पिरेटेड, म्हणजे बिनटर्बोच्या, इंजिनवाल्यांचे सल्ले इथं उपयोगाचे नाहीत. मोठा टर्बो, मोकळा मॅनिफोल्ड असेल तर गोष्ट वेगळी. माझं प्रामाणिक मत: टर्बो मूळचाच ठेवणार असाल तर कॅमही मूळचेच ठेवा आणि पैसे इंटरकूलरवर (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) घाला. उन्हाळ्यात त्याचा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

तरी कॅम घालायचेच असतील तर व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंग विसरू नका. आपल्या इंजिनाला सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्ह. इनटेकचा प्रत्येक साधारण २७ मिमी, म्हणजे १ बार बूस्टला त्याच्या पाठीवर सहाएक किलोचा जोर, तोही उघडण्याच्या दिशेनं. जुन्या, थकलेल्या स्प्रिंगवर आणखी आरपीएम चढवायचे म्हणजे जुगार.

बसवताना दोन्ही कॅमच्या खुणांमध्ये त्यांना जोडणाऱ्या चेनचे १६ रोलर स्वतः मोजा, फिटरच्या 'झालं साहेब'वर जाऊ नका. हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधले तेलाचे ठोकळे) बसायला अर्धा तास द्या, मग इंजिन हातानं दोन फेरे फिरवून बघा, मगच स्टार्टर. घाई केली तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतील. आणि कॅम बदलून जुन्याच रीमॅपवर चालवू नका, ट्यूनिंगचा खर्च आधीच धरा.

मी मेकॅनिक नाही, एका गाडीचा अनुभव आहे. कागदोपत्री अशा बदलांचं काय, ते मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून तुम्हीच ठरवा. माझी गाडी आयडलला इतकी हलायची की पीयूसीवाला हसायचा. ब्रेकला मदत करणारा इनटेकचा व्हॅक्यूम कमी पडल्यामुळे ट्रॅफिकमध्ये ब्रेकही कडक लागायचा, ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. दीड वर्षानं मूळचे कॅम परत घातले.

तुमच्याकडच्या कार्डाचा फोटो टाका. कुठल्या लिफ्टला मोजलंय ती ओळ दिसेल असा.