तंबू आधी शेतात लावा

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी डिसेंबरात तोरणमाळला दोन रात्री तंबूत राहणार आहोत. तिघींचा एक 'वॉटरप्रूफ' तंबू, 'शून्य डिग्री' लिहिलेल्या स्लीपिंग बॅगा आणि ७० लिटरच्या सॅक ऑनलाइन मागवल्या आहेत. वस्तू परत करायला दहा दिवस आहेत. काय काय तपासू?
– एक वाचक, दोंडाईचा

उत्तर : ताई, दहा दिवस हातात असताना विचारलंत, फार बरं केलंत. तीस वर्षं मी धुळ्यात, मुंबई-आग्रा हायवेवर ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या. त्यामुळे माझा हात आधी शिवणीवर जातो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

तंबूचं बाहेरचं कापड उलटं करून उजेडात धरा. शिवणीवरून आतल्या बाजूने पारदर्शक पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. सुई जाते तिथे भोक पडतंच. आमच्या सुती ताडपत्रीचा धागा पाण्याने फुगायचा आणि भोक आपोआप बुजायचं. नायलॉन-पॉलिएस्टर तसं फुगत नाही, म्हणून ती पट्टी लागते. पट्टी नसेल तर शिवणीवर सीम सीलर, म्हणजे भोकं बुजवणारा चिकट द्रव, लावावा लागेल, नाहीतर तंबू सरळ परत करा. लेबलवर १५००, ३००० असे मिलिमीटरचे आकडे असतात. तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब ते कापड गळू न देता सोसतं, असा त्याचा अर्थ. छताला १५०० पुरतात. तळ आपल्या वजनाने ओल्या जमिनीवर दाबला जातो, त्याला जास्त हवेत. पण हा आकडा कापडाचा आहे, शिवणीचा नाही.

म्हणून तंबू शेतात लावा. गव्हाला किंवा भुईमुगाला तुषार संच चालू असेल तिथे दोन-तीन तास उभा करा आणि आत तळावर वर्तमानपत्र पसरून ठेवा. थेंब पडला की कागदावर डाग उमटतो आणि कोणती शिवण गळते ते नेमकं कळतं. मी प्रत्येक नवा तंबू असाच बघतो. त्याच शेतात खुंट्याही ठोकून पाहा. काळ्या जमिनीत त्या अंगठ्याने जातात आणि पाणी बसलं की तितक्याच सहज निघून येतात. तोरणमाळला उलट अडचण येते. तिथे मुरूम आणि खडक, तंबूसोबत आलेल्या बारीक तारेच्या खुंट्या पहिल्या घावाला वाकतात. जाड लोखंडी खुंट्या घ्या. जिथे त्याही जात नाहीत तिथे दोरी एका काठीला बांधा, काठी आडवी ठेवा आणि तिच्यावर मोठा दगड चढवा.

मग एक रात्र तिघी त्यात झोपा. सकाळी आतून पाणी ओघळलेलं दिसलं तर लगेच तंबू गळका ठरवू नका. ती तिघींच्या श्वासाची वाफ असते. झरोके उघडे ठेवा, बाहेरचं कापड आतल्याला चिकटणार नाही असं ताणून बांधा. यशवंत तलावाच्या अगदी काठावर तंबू लावायचा मोह होईल. थंड, दमट हवा रात्री खाली येऊन तिथेच बसते, तेव्हा थोडं वर सरका.

आता तो 'शून्य'. २००९च्या जानेवारीत मी तोरणमाळला अशाच शून्य लिहिलेल्या बॅगेत रात्रभर कुडकुडलो. सकाळी माझा साक्रीचा ड्रायव्हर मित्र म्हणाला, "भाऊ, खाले काय टाकं व्हतं?" खाली एक पातळ चटई होती. अंगाखाली बॅगेतला कापूस दाबून चपटा होतो, ऊब राहत नाही आणि जमीन अंगातली उष्णता ओढून घेते. दुसऱ्या रात्री दोन बारदानांत वाळकं गवत भरून खाली घातलं आणि त्याच बॅगेत सकाळपर्यंत झोपलो. म्हणून फोमची चांगली जाड मॅट आधी घ्या. बॅगेवर 'कम्फर्ट' आणि 'लिमिट' असे दोन आकडे वेगळे छापलेत का ते बघा. कम्फर्ट हा सर्वसाधारण बाईला सैल झोपून पुरेल असा आकडा, लिमिट हा पुरुषाला अंग आखडून कसाबसा पुरेल असा. तुम्ही कम्फर्टच बघायचा. नुसता एकच आकडा असेल तर त्यावर विसंबू नका. धुळ्यातच डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो आणि तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे. कम्फर्ट ५ किंवा त्याखाली असू द्या, शिवाय कानटोपी आणि कोरडे मोजे.

सॅक ७० लिटरची नको. जागा असली की माणूस भरत जातो. दोन रात्रींना ४५-५० पुष्कळ. लिटरपेक्षा पाठीचं माप महत्त्वाचं. मान खाली घातल्यावर मागे जे हाड वर येतं, तिथपासून कंबरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत टेप लावा आणि त्या मापाची सॅक घ्या. कंबरपट्टा त्या हाडांवर बसला पाहिजे, बहुतेक वजन तिथे यायला हवं. लिटर-लिटरच्या पाण्याच्या दहा बाटल्या भरा, दहा किलो झाले. तासभर चाला, खांदे दुखले तर पट्टे पुन्हा बसवा. मग भरलेली सॅक एकाच पट्ट्याने रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी पट्ट्याच्या मुळाशी बघा. सुईची भोकं लांबट झाली असतील तर ती शिवण डोंगरात तुटणार. परत पाठवा.

प्रश्न : मे महिन्यात कारच्या डिकीत छोट्या स्टोव्हचा गॅस कॅनिस्टर राहिला तर चालेल का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : नाही. कॅनिस्टरवर ५० अंशांची मर्यादा लिहिलेली असते. भुसावळला बाहेर ४५ असताना बंद गाडीत ती सहज ओलांडली जाते. आणि तो स्टोव्ह तंबूच्या आत कधीही पेटवू नका, थंडीतसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही.

प्रश्न : दिवाळीत अस्तंबा डोंगरावरच्या यात्रेला जातो. तंबू परवडत नाही. शेतातली प्लास्टिकची ताडपत्री चालेल?
– एक शेतकरी वाचक, तळोदा तालुका

उत्तर : दादा, अगदी चालेल, दिवाळीत आकाश बहुधा कोरडंच असतं. मोठी ताडपत्री अर्धी खाली, अर्धी दुमडून वर घ्या, मध्ये घोंगडी. कडेची पितळी कडी उपटली असेल तर काळजी नको. कापडाच्या कोपऱ्यात सुपारीएवढा गुळगुळीत खडा गुंडाळा आणि त्याच्यामागे दोरीची गाठ मारा. ती गाठ कडीपेक्षा पक्की बसते, ट्रकवर मी शेकडो वेळा मारली आहे. धारदार दगड घेऊ नका, कापड कापतं. पाणी मात्र पायथ्यालाच भरून घ्या.