वेलीचं बूड आधी बघ

नागपूर,
आषाढ

प्रिय बेटा,

तू पाठवलेले वेलींचे अठ्ठेचाळीस फोटो काल रात्री एकेक करून पाहिले. फुलं सुरेख टिपली आहेस. पण त्यातल्या एकतीस फोटोंत वेल जमिनीतून कुठून निघाली ते दिसत नाही, आणि ती कोणत्या झाडावर चढली आहे तेही कळत नाही. ‘मॅडम, नावं सांगा’ एवढंच तू लिहिलं आहेस. नऊ नावं वेगळ्या कागदावर लिहून ठेवली आहेत, त्यांची मला खात्री आहे. उरलेल्यांची नावं अंदाजानं सांगता येतील, पण सांगणार नाही. अंदाजाचं नाव एकदा नोंदवहीत चढलं की पुढचा माणूस ते खरं धरून चालतो.

याचा चटका मला बसलेला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत रामटेकच्या बाजूला एका धावड्याच्या झाडावरून मी कावळी या वेलीचा नमुना काढला. पानं वरून चकचकीत, खालून पांढुरकी, तोडली की चीक. आणि जोडीनं लोंबणाऱ्या लांब बारीक शेंगा. नमुना वाळवला, शीटवर शिवला, लेबल लावलं. दोन वर्षांनी एका जाणत्या अभ्यासकांनी ती शीट भिंगाखाली धरली आणि शांतपणे विचारलं, ‘शेंगेचा देठ या फांदीला कुठे जोडलाय, दाखवा.’ जोड नव्हताच. कावळीच्या शेंगा आखूड आणि जाड असतात, शिंगांसारख्या दोन बाजूंना फाकलेल्या. मी शिवलेल्या शेंगा इक्नोकार्पस नावाच्या दुसऱ्याच वेलीच्या होत्या. त्याच धावड्यावर ती दुसरी वेल पहिलीला पीळ घालून चढली होती आणि मी दोघींची मिळून एक वेल करून टाकली होती. या दोन्ही वेलींची मुळं औषधात कृष्ण सारिवा या एकाच नावानं वापरली जातात, हे लक्षात घेतलंस तर त्या चुकीचं वजन कळेल.

तेव्हापासून मी एक नेम पाळला. फांदीला सिकेटर, म्हणजे फांद्या कापायची कात्री, लावायच्या आधी टोकापासून बुडापर्यंत बोट फिरवत जायचं. हात पोचत नसेल तिथे नजरेनं, तेही जमत नसेल तर दुर्बिणीनं. बूड सापडलं नाही तर त्या दिवशी नमुना घ्यायचा नाही.

बुडानंतर पाहायचं ते वेल चढते कशी. फूल वर्षातून काही आठवडेच असतं, चढण्याची रीत मात्र वेल हिरवी असेपर्यंत दिसते. चार्ल्स डार्विननं १८६५ मध्ये या एकाच विषयावर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. आजारपणात खोलीत अडकून पडला असताना तो कुंडीतल्या वेलीचं टोक कसं गोल फिरतं ते रात्रंदिवस पाहत असे. तुला आजारी पडायची गरज नाही, अंगणातल्या गुळवेलीसमोर एक सकाळ बसलीस तरी पुरे.

काही वेली सगळ्या अंगानं पीळ घालतात, जशा गुळवेल आणि मालकांगोणी. काहींना तणावे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे बारीक धागे, असतात, आणि तणावा फुटतो कुठून यावरून तू थेट कुळापर्यंत पोचतेस. तोंडली, काटवल, शिवलिंगी यांचा तणावा पानाच्या देठाच्या बगलेला असतो. आंबटवेलीचा पानाच्या बरोबर समोर, कारण ती द्राक्षाच्या कुळातली. घोटवेलीत पानाच्या देठावरूनच दोन तणावे निघतात. कपाळफोडीत ते फुलोऱ्याच्या दांड्यावर असतात. तिचा फुगा फोडून काळी बी हातावर घे, तिच्यावर पांढरा बदाम काढलेला दिसेल. कळलावीला वेगळा तणावा नाहीच. तिच्या पानाचं टोकच लांबून वळतं आणि शेजारच्या काडीला मिठी मारतं. शतावरी वाकड्या काट्यांच्या आधारानं दुसऱ्यावर रेलत जाते. तुझ्या फोटोंत या जागा जवळून आल्या असत्या तर नऊची एकवीस नावं झाली असती.

पीळ कोणत्या दिशेनं हेही टिप. करांदा आणि कोनफळ एकाच वंशातले, पण दोघांचा पीळ उलट दिशेचा. पानं हातात घेण्याआधीच ते वेगळे कळतात. मात्र ‘डावा’, ‘उजवा’ असे शब्द लिहू नकोस. पाहायचं कुठून यावर पुस्तकांत एकमत नसतं, त्यामुळे वाचणाऱ्याचा घोटाळा होतो. दोन रेघांचं चित्र काढून बाण दाखव.

आता गुळवेलीबद्दल थोडं जास्त, कारण ती सगळ्यांना ओळखू येते असं सगळ्यांना वाटतं. करोनानंतर घरोघरी तिचा काढा सुरू झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाला सांगावं लागलं की टिनोस्पोरा क्रिस्पा ही सारखी दिसणारी वेल गुळवेल समजून घेऊ नका, ती अपायकारक ठरू शकते. क्रिस्पाच्या खोडावर गाठी-गाठी असतात. आपल्या गुळवेलीची साल कागदासारखी सुटते, फळं गोल आणि पिकल्यावर लाल. आडवं कापलंस तर गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. त्या चकतीचा फोटो प्रत्येक नमुन्यासोबत असायलाच हवा. आणि हिला नमुने दाबून वाळवायच्या प्रेसमध्ये घालायच्या आधी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून काढ. मी एकदा नुसतीच ठेवली होती. पंधरा दिवसांनी वर्तमानपत्राची घडी उघडली तर पानं गळून पडलेली आणि पेरावर हिरवा कोंब. तिला अमृता का म्हणतात ते त्या दिवशी मला डोळ्यांनी दिसलं.

गुळवेलीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. काटवलीतही. तुझ्या यादीत ‘काटवल, १ वेल, उमरेड रोड’ अशी नोंद आहे. ती नर की मादी हे लिहिल्याशिवाय संवर्धनाच्या दृष्टीनं ती नोंद अर्धीच आहे, कारण शेताच्या एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नुसत्या नर वेली उरल्या तर तिथे फळ धरणार नाही. ओळखणं सोपं आहे: मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलंसं काटेरी काटवल आधीच बसलेलं असतं, नर फुलाला ते नसतं आणि त्याच्या देठावर फुलालगत टोपीसारखं पानुलं असतं. सध्या बाजारात काटवलं आली आहेत. विकायला बसलेल्या बाईंना भाव विचारतेस तसं हेही विचार की ही कोणत्या गावची, धुऱ्यावरची की जंगलातली, कंद ठेवतात की खणतात. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिही. त्यांना चालणार असेल तरच त्यांचं नाव लिही.

लोकांकडून मिळालेल्या नावाजवळ गाव आणि तारीख हवीच. एकच नाव दोन गावांत दोन वेलींना असतं. गोंडी नाव कानाला जसं ऐकू येतं तसं देवनागरीत लिही, मराठी वळण देऊन सुधारू नकोस. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही करायची तरतूद केली आहे, आणि राज्याच्या जैवविविधता मंडळाचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तुझं काम शेवटी त्या त्या गावच्या नोंदवहीत उतरलं पाहिजे, आपल्या कपाटात नाही. कळलावीची नेमकी जागा मात्र उघड्या यादीत टाकू नकोस. तिचे कंद औषधासाठी उपटून नेतात.

देशी कोणती, बाहेरची कोणती, यावर तू बराच वेळ घालवलास. गणेशवेल नावानं फसवते, ती अमेरिकेकडची. आइसक्रीम वेल मेक्सिकोची. यांचीही नोंद ठेव, फक्त वेगळ्या रकान्यात.

आता मनातलं सांगते. पेंचकडच्या एका सागाच्या जंगलात मी नऊ वर्षं एक पळसवेल पाहत होते. बूड मांडीएवढं, पानं पळसाहून मोठी, आणि पळस फुलायच्या दिवसांत सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर तिचे केशरी घोस. दहाव्या वर्षी गेले तर ती जमिनीपासून हातभर उंचीवर तोडलेली होती आणि कापाखाली लाल डिंक थिजला होता. साग सरळ वाढावा म्हणून वेली तोडायच्या, ही वनशास्त्रातली जुनी रीत आहे. तोडणाऱ्या मजुरानं सांगितलेलं काम केलं. मी नऊ वर्षं तिचे फोटो काढले, पण ती तिथे आहे हे एका ओळीनंही कुणाला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर कदाचित तिच्या बुडाला रंगाचा पट्टा मारून तिला वगळलं असतं. हे मला अजून सलतं, म्हणून तुझ्या एकतीस बूड नसलेल्या फोटोंवर मी एवढं लिहिते आहे.

आपल्या पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाकडे याच नजरेनं बघ. कागदोपत्री ती पडीक, चराईची जमीन. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वनजमीन मानली. वासनवेल, गुंज, उतरण, हरणदोडी यांची खरी गर्दी बोरी-बाभळीच्या त्या झुडपांतच असते. हरणदोडीच्या पानांवर ब्लू टायगर फुलपाखराच्या अळ्या शोध, सापडतील. अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय एक पानही तोडायचं नाही.

यंदा अठ्ठेचाळीस वेली नकोत. बारा निवड, सगळ्या घरापासून सायकलच्या अंतरातल्या. प्रत्येकीकडे महिन्यातून एकदा जा, अगदी मे महिन्यातही, जेव्हा तिथे नुसती सुकी दोरी उरलेली असेल. तेव्हाची साल, पेरं, वाळलेल्या शेंगा यांचे फोटो फार थोड्यांकडे असतात. निष्पर्ण वेल ओळखता आली तरच तोडणीच्या वेळी कुणाला थांबवता येईल.

रविवारी सकाळी साडेसहाला सेमिनरी हिल्सला ये. पहिल्या बारातल्या तीन तिथेच ठरवू. सिकेटर आणू नकोस. भिंग, पत्र्याचे छोटे बिल्ले, सैल बांधायला जाड सुती दोरा आणि एक साधी वही आण.

तुझी,
मॅडम