‘स्लाइटली’ला पर्याय कोणते?

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत गुणवत्ता विभागात काम करतो. परदेशी ग्राहकांना तपासणी अहवाल व ई-मेल इंग्रजीतून पाठवावे लागतात. परवा साहेबांनी माझ्या एकपानी अहवालातील ‘स्लाइटली’ हा शब्द लाल पेनाने अधोरेखित केला. तो सात वेळा आला होता. अहवालाची व एका ई-मेलची प्रत सोबत जोडली आहे. ‘थोडे’, ‘जरासे’, ‘किंचित’ यांसाठी इंग्रजीत आणखी कोणते शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालतात का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पर्यायांची नुसती यादी दिली, तर सात ‘स्लाइटली’च्या जागी सात निरनिराळे शब्द येतील आणि वाचणारा ग्राहक अधिकच गोंधळेल. म्हणून जे थोडे आहे ते मोजता येणारे माप आहे, डोळ्याला, नाकाला वा जिभेला जाणवणारा गुण आहे, की आपले मत आहे, हे आधी ठरवावे. मराठीत हा भेद आपण नकळत पाळतोच. मीठ चिमूटभर कमी पडते, कापड ओलसर राहते आणि शंका तिळमात्र नसते. ‘तिळमात्र ओलसर’ असे कोणी म्हणत नाही.

मापाच्या बाबतीत ‘मार्जिनली’ हा शब्द उपयोगी आहे. ‘मार्जिन’ म्हणजे कड, काठ. त्यामुळे एखाद्या ठरलेल्या रेषेच्या अगदी लगतचा फरक सांगताना तो शोभतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. पाणी ३९ फूट २ इंचांवर असेल, तर ते इशारा पातळीच्या ‘मार्जिनली अबव्ह’ आहे. ४२ फुटांवर गेल्यावर तोच शब्द वापरणे दिशाभूल करणारे ठरेल. मात्र आपल्या अहवालातील ‘द बोअर इज स्लाइटली ओव्हरसाइझ’ (भोक थोडे मोठे आहे) या वाक्यात मला कोणताच पर्याय सुचवावासा वाटत नाही. कास्टिंग म्हणजे ओतीव भाग स्वीकारायचा की नाकारायचा, हे ड्रॉइंगवर दिलेल्या टॉलरन्सवरून, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकावरून, ठरते, आणि ‘थोडे मोठे’ एवढ्यावरून ग्राहकाला काहीच ठरवता येत नाही. तेथे ‘स्लाइटली’ काढून ०.०४ मिलिमीटर, ०.१ मिलिमीटर असा जो आकडा मोजला असेल तो लिहावा. सातांपैकी चार ‘स्लाइटली’ एवढ्यानेच जातील.

जाणवणाऱ्या गुणांसाठी इंग्रजीत वेगळे शब्द आहेत. अंधूक उजेड, पुसटसा डाग, हलका वास यांच्यासाठी ‘फेंट’ आणि ‘फेंटली’. चव, हवामान आणि राग-आश्चर्यासारख्या भावना यांच्यासाठी ‘माइल्ड’ आणि ‘माइल्डली’. पांढऱ्या रश्श्याला ‘माइल्डली स्पाइसी’ म्हणता येईल, तांबड्याला म्हणू नये. रंगाच्या बाबतीत तर ‘-सर’ या आपल्या सुंदर प्रत्ययाला इंग्रजीत ‘-इश’ हा जवळचा भाऊच आहे : लालसर म्हणजे ‘रेडिश’. आपण ज्याला ‘स्लाइटली ब्राउन मार्क’ म्हटले आहे, तो गंजाचा पुसट डाग असेल, तर ‘अ फेंट ब्राउनिश स्टेन’ हे अधिक नेमके आहे.

मत व्यक्त करताना सर्वांत अधिक जपावे लागते, कारण येथे शब्दाबरोबर सूरही जातो. ‘समव्हॉट’ हा आपल्या ‘काहीसा’सारखा, लेखी आणि संयत. ‘अ बिट’ बोलीतला. त्याचे मूळ दातांनी तोडलेल्या तुकड्यात आहे, म्हणजे जवळजवळ आपला ‘घासभर’. तो बहुधा तक्रारीच्या विशेषणाला जोडून येतो : ‘अ बिट नॉइझी’, ‘अ बिट एक्स्पेन्सिव्ह’. ‘रादर’मध्ये ‘जरा जास्तच’ असा नापसंतीचा सूर पुष्कळदा असतो. ‘क्वाइट’ मात्र परदेशी पत्रव्यवहारात टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे; ‘क्वाइट गुड’ म्हणजे ब्रिटिश वाचकाला अनेकदा ‘बऱ्यापैकी’ आणि अमेरिकन वाचकाला ‘फारच चांगले’ असे वाटते.

व्याकरणाच्या दोन अडचणी. ‘स्लाइटली’ नामाआधीच्या विशेषणाला लावता येतो, ‘अ स्लाइटली डॅमेज्ड बॉक्स’. तेथे ‘अ बिट’ किंवा ‘अ लिटल’ चालत नाही. आणि ‘अ लिटल’मधला ‘अ’ गळाला, तर अर्थच फिरतो : ‘अ लिटल टाइम’ म्हणजे थोडा वेळ आहे, ‘लिटल टाइम’ म्हणजे फारसा वेळ नाही. आपल्या अहवालात ‘देअर इज लिटल स्टॉक’ असे वाक्य आहे. ग्राहकाला धीर द्यायचा असेल, तर त्यातून नेमके उलटे पोहोचते.

शेवटी, आपल्या ई-मेलमधील एक वाक्य : ‘प्लीज सेंड द ड्रॉइंग अ लिटल.’ यामागे ‘जरा ड्रॉइंग पाठवा’ हे मराठी वाक्य आहे. परंतु येथील ‘जरा’ प्रमाण दाखवत नाही. आपल्या भागात ‘वाईच इकडं या’ म्हणतात, तेव्हा थोडेच या, असा अर्थ नसतो. आज्ञेचा कडकपणा घालवण्यासाठी तो शब्द येतो. इंग्रजीत ते काम प्रश्नाच्या रूपाने होते : ‘कुड यू प्लीज सेंड द ड्रॉइंग?’ मराठीतला प्रत्येक ‘जरा’ इंग्रजीत नेताना तो मोजमापाचा आहे की आर्जवाचा, हे पाहावे.

आता आपल्या अहवालातील आणखी एक वाक्य : ‘द शेड इज स्लाइटली डिफरंट फ्रॉम द सॅम्पल.’ रंगछटा आपण डोळ्यांनी पाहिली आहे, फरक लहान आहे आणि आपल्याजवळ त्याचे माप नाही. तेथे ‘स्लाइटली’ तसाच ठेवावा.